तांबड्याखालचा पिवळा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पिनबाई लाँड्रीच्या मागच्या खोलीत, कपडे निवडायच्या टेबलापाशी उभी होती आणि हॉटेलच्या दरवानाच्या कोटातून माणसाचा दात काढत होती. दात उजव्या बाहीत, कोपराच्या जरा वर रुतला होता. तिने तो चिमट्याने उपटला, दिव्याखाली धरला आणि रद्दी कागदावर ठेवला.

"सोन्याचा आहे का बघ," बॉयलरवाला आतून ओरडला.

"किडका आहे."

"मग पाकिटात घालून परत कर. गिऱ्हाइकाची वस्तू आहे."

"दरवानाचा नाही तो. दरवानाने ज्याला कोपर मारलं त्याचा आहे."

"पत्ता घे त्याचा. आपल्याला एक गिऱ्हाईक वाढेल. त्याचाही शर्ट धुवायचा असेलच की."

पिनबाई हे काम तरुणपणापासून करते. कपडे यंत्रात जाण्याआधी खिसे उलटे करायचे, टाचण्या, पिना, बिल्ले काढायचे आणि डाग कसला आहे ते ठरवायचं. काम हलकं समजलं जातं. पण एकदा एक पिन नजरेतून सुटली, ओल्या चादरींबरोबर फिरत राहिली आणि यंत्रातून कपडे ओढणाऱ्या बाईच्या तळहातातून आरपार निघाली. तेव्हापासून पिनबाईच्या हाताखालून पिन गेलेली नाही. नाव त्यावरूनच पडलं. मालकीणबाई पगाराच्या दिवशीसुद्धा तिला पिनबाईच म्हणतात.

कपड्यांवर सापडलेला बिल्ला लाँड्री पाकिटात घालून पावतीला जोडते. वर्षभरात कोणी मागायला आलं नाही, तर तो पिनबाईचा. तिचा संग्रह असा सुरू झाला. पुढे ती रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागली, भंगारवाल्यांच्या पाट्या उपसू लागली. आज तिच्या खोलीत, पलंगाखाली, बिस्किटांचे पत्र्याचे मोठे डबे आहेत. त्यांत साबणाच्या कंपनीचा हसरा चेहरा आहे, प्राणिसंग्रहालयाचा हत्ती आहे, डोळे मिचकावणारा दंतवैद्य आहे. त्याला एका बाजूने पाहिलं तर दात दिसतात, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर बोळकं. पडलेल्या उमेदवारांचे चेहरे तर ढिगाने. जिंकलेल्यांचे बिल्ले लोक जपतात, पडलेल्यांचे धुवायला टाकतात, असं ती म्हणते.

इतर संग्राहक बिल्ले लावतात ते सालाप्रमाणे, नाहीतर रंगाप्रमाणे. पिनबाईची पद्धत वेगळी. बिल्ला छातीवरून कसा गेला, त्यावर ती डबा ठरवते. काढलेले, गळलेले आणि उपटलेले. काढलेल्या बिल्ल्याची पिन सरळ असते. गळलेल्याची पिन झिजून सैल झालेली असते. उपटलेल्याची पिन बाहेरच्या बाजूला वाकते आणि तिच्या टोकाला बहुतेक वेळा कापडाचे धागे असतात. तिसरा डबा सगळ्यांत जड आहे. त्यात फुटबॉलच्या मैदानातल्या दंगलीचा एक बिल्ला आहे, त्यावर टाचेचा ठसा आहे. जळलेल्या बसमधल्या कंडक्टरचा नंबर आहे, अर्धा वितळलेला. शाळेच्या मॉनिटरचा एक बिल्ला आहे, तो दुसऱ्या पोराने चावला होता. दातांचे व्रण स्पष्ट दिसतात. प्रत्येकाची हकीगत तिला ठाऊक आहे, कारण तो कोट, तो सदरा तिने स्वतः निवडला होता, किंवा विकणाऱ्याला खोदून खोदून विचारलं होतं.

त्याच डब्यात तळाशी, कापसात गुंडाळलेले, तांबड्या मुठीचे बिल्ले होते. त्यांची हकीगत तिने कोणाला कधी सांगितली नव्हती.

तांबड्यावर पांढरी मूठ, ही गिरणीतल्या संपवाल्यांची खूण. पिवळ्यावर काळं दातेरी चाक, ही मालकाने उभ्या केलेल्या युनियनची. संप झाला तेव्हा पिनबाई शाळेतून नुकतीच बाहेर पडली होती आणि तिचा थोरला भाऊ गिरणीत सांध्यावर होता, म्हणजे तुटलेले धागे जोडत होता. ती त्याला दादा म्हणायची. दादा संपवाल्यांचा स्वयंसेवक होता. गेटवर मोर्चा जायचा होता त्या सकाळी संपवाल्यांच्या युनियनच्या हॉलमध्ये सगळ्यांना नवे बिल्ले वाटले. दादाने आपला बिल्ला आईकडून लावून घेतला. आई म्हणाली, "घट्ट लावते, पडायला नको." पहिल्या रांगेत तो होता.

गेटावर मालकाचे भाडोत्री लोक उभे होते, हातात लाठ्या. पहिलाच तडाखा दादाच्या छातीवर बसला, डाव्या बाजूला, बिल्ल्यावर. तो मागे कोलमडला, मागच्यांनी त्याला उभा केला. आणि मागच्यांपैकीच एकाने पाहिलं की बिल्ल्यावरचा तांबडा कागद सुटून लोंबतोय आणि खाली पिवळं आहे. पिवळ्यावर काळं चाक.

"खालून पिवळा आहे!"

एवढे शब्द पुरले. आदल्या आठवड्यात कोणीतरी मालकाला नावं पुरवली होती आणि संपवाल्यांपैकी दोघांना घरातून उचलून नेऊन त्यांचे हातपाय मोडले होते. तो फितूर कोण, हे सगळे डोळ्यांत तेल घालून शोधत होते. आता तो सापडला.

पिनबाई समोरच्या फुटपाथवर उभी होती, दादाचा जेवणाचा डबा घेऊन. तिने पाहिलं ते असं. आधी थपडा. मग कोणीतरी त्याचे केस धरून त्याला खाली ओढलं. मग लाथा, त्यांत चपला होत्या आणि बूटही होते. दादा उठायला बघत होता आणि हात वर करून म्हणत होता, "अरे मी आहे, मी!" जणू ओळख पटली की थांबतील. ओळख सगळ्यांना होतीच. मग स्वयंसेवकांचा म्होरक्या पुढे आला. त्याला सगळे पहिलवान म्हणत. त्याच्या हातात गेटचा लोखंडी अडसर होता. तो त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. दादाने चेहऱ्यासमोर हात धरला. अडसर हातासकट खाली आला. त्यानंतर दादा काही बोलला नाही, तरी मारणं बराच वेळ चाललं होतं.

प्रेत सायकली ठेवायच्या शेडमध्ये टाकलं होतं. आईने सदरा उकळत्या पाण्यात टाकला. तिला वाटलं, जितकं गरम तितकं स्वच्छ. रक्त गरम पाण्यात शिजतं आणि कापडात कायमचं बसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. डाग तपकिरी झाला आणि राहिला. पिनबाई लाँड्रीत कामाला लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. रक्त, गार पाणी.

पहिलवानाने दादाचा बिल्ला हॉलच्या चौकटीवर खिळा ठोकून लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. त्यानंतर चौकटीला रंगाचे किती थर बसले कोण जाणे. बिल्ला रंगाखाली गेला, त्याचा उंचवटा राहिला. दादाचं नावही तसंच गेलं. वस्तीत त्याला पिवळ्या म्हणू लागले आणि हिला पिवळ्याची बहीण. मारल्याबद्दल कोणावर खटला झाला नाही. गेटवरची दंगल म्हणून प्रकरण मिटलं.

आईने एकदाच विचारलं होतं, शेवटच्या आजारात. "तू त्याच्या पाठीवरची. खरं सांग, तो तिकडचा होता का?"

पिनबाई म्हणाली, "नव्हता." पण तिला ते ठाऊक नव्हतं. दादाला त्या महिन्यात नवे बूट आले होते. कुठून आले, ते त्याने सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी माणूस विसरायला बघतो आणि त्या विसरल्या जात नाहीत. ती बिल्ले जमवते याचं खरं कारण हेच. जिथे तांबडी मूठ दिसेल तिथे ती बिल्ला उचलायची, उलटा करायची, पिन बघायची, कडा बघायची. उघडून मात्र कधी पाहिला नाही. जुन्या बाजारातल्या म्हाताऱ्या बिल्लेवाल्याने तिला अगदी सुरुवातीला बजावलं होतं, "हे बघ बाई, बिल्ला उघडला की मेला. पत्रा वाकतो, कागद फाटतो. मग तो बिल्ला नाही, भंगार." संग्राहकांमध्ये हे काळ्या दगडावरच्या रेघेसारखं पाळतात. तिनेही पाळलं. उत्तर पलंगाखाली, कापसात गुंडाळून होतं, आणि तिने ते खराब होऊ नये म्हणून जपून ठेवलं होतं.

त्या मंगळवारी दरवानाच्या कोटानंतर तिने पुढचं गाठोडं सोडलं. युनियनच्या हॉलमधून आलेलं. संपाच्या स्मरणाला गेटवर दगड बसवायचा होता, मारल्या गेलेल्यांची नावं कोरून, आणि त्या कार्यक्रमात जुने स्वयंसेवक जुने कोट घालून चालणार होते. पेटीत पडून कोटांना बुरशीचा वास लागला होता. पिनबाईने एकेक कोट झटकला. तळाचा कोट एवढा मोठा होता की त्यात दोन माणसं मावली असती. तो कोणाचा हे विचारायची गरज नव्हती.

कोटाच्या डाव्या खिशावर तांबड्या मुठीचा बिल्ला होता. पिन कापडात गंजून एकजीव झाली होती आणि भोवती गंजाचा गोल डाग पडला होता, बरोबर बिल्ल्याच्या मापाचा. म्हणजे एकदा लावला तो पुन्हा कधी हलवला नव्हता. तिने गंज मऊ करायला तेलाचा थेंब सोडला आणि बिल्ला दिव्याकडे फिरवला. वरचा पारदर्शक पापुद्रा कडेला तडकला होता. तिथे तांबडा कागद केसभर उचलला गेला होता.

खाली पिवळं होतं.

बॉयलरवाला चहा घेऊन आला तेव्हा ती टेबलाला दोन्ही हात टेकून उभी होती.

"काय झालं? जबडाच सापडला का पूर्ण?"

"पक्कड कुठे आहे तुझी?"

"खुंटीला. कशाला?"

"दे."

"आणि हे गाठोडं?"

"मालकीणबाईंना सांग, डाग बघायला गिऱ्हाइकाकडे गेलेय."

ती आधी घरी गेली. कापसातले बिल्ले खिशात टाकले. मोठा कोट हातावर घेतला आणि हॉलकडे चालू लागली.

हॉलच्या अंगणात दगड दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला होता आणि पाथरवट त्यावर बसून काम करत होता. वरची ओळ कोरून झाली होती. 'संपात मालकाच्या गुंडांनी ठार केलेले आमचे साथी.' खाली नावं. पिनबाई चौकटीपाशी क्षणभर थांबली. रंगाखालचा उंचवटा तिच्या खांद्याच्या उंचीवर होता. त्या चौकटीतून ती आयुष्यात पहिल्यांदा आत गेली.

लांब टेबलाभोवती म्हातारे बसले होते, चहा पीत. टोकाला पहिलवान होता. गुडघे गेलेले, मान मात्र तशीच, बैलासारखी. हॉलचा चिटणीस तरुण होता, संप संपल्यावर जन्मलेला.

"कोट झाले एवढ्यात?" चिटणीस म्हणाला.

"कोट धुवायचेत अजून. एक नाव राहिलंय दगडावर, ते सांगायला आले."

कोणीतरी म्हणालं, "पिवळ्याची बहीण आहे ही."

"बाहेर जा," पहिलवान म्हणाला. आवाज न चढवता.

"जाते. आधी तुमचा बिल्ला उघडा."

तिने कोट त्याच्यासमोर टाकला. पहिलवानाने बिल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझ्या बिल्ल्याला हात लावायचा नाही."

"बरं. मग माझे उघडते."

तिने खिशातले बिल्ले टेबलावर ओतले आणि पक्कड घेतली. पहिल्या बिल्ल्याची मागची कडी उचकटताना पत्रा किंचाळला. तांबडा कागद निघाला. खाली कोरा पत्रा. दुसरा उघडला. कोरा पत्रा.

"झालं का?" एक म्हातारा हसला. "आणखी डबे आणलेस की तेवढेच?"

तिसऱ्याची कडा जाड होती. पापुद्रा पटकन सुटला, तांबडा कागद चुरगळून तिच्या अंगठ्याला चिकटला आणि खालून काळं चाक वर आलं. पिवळ्यावर, जरा डावीकडे सरकलेलं.

तिने चौथा उघडला. पुन्हा पिवळा, पुन्हा डावीकडे सरकलेलं चाक.

"बिल्ले करणारा छापखाना वस्तीत एकच होता," पिनबाई म्हणाली. "तुमचेही तोच करायचा, मालकाचेही तोच. मालकाच्या बिल्ल्यांवर चाक वाकडं छापलं गेलं, म्हणून ते परत आले. बाजारात अजून मिळतात ते, वाकड्या चाकाचे. मोर्च्याच्या आदल्या दिवशी तुमचा माल कमी पडला असणार. त्याने परत आलेल्या पिवळ्यांवर तुमचा तांबडा कागद चढवला आणि पुन्हा दाबले. दोन कागद झाले की कडा नीट दुमडत नाही. तडाखा बसला की वरचा सुटतो."

"मग आमचे का नाही सुटले?" दुसऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

"तडाखा पहिल्यांदा दादाला बसला. पुढच्या रांगेत तो होता."

चिटणीस एक बिल्ला उचलून उलटसुलट करत होता. "काका," तो पहिलवानाला म्हणाला, "हे खरं वाटतं."

"काही खरं नाही. हिने घरी बसून बनवलेत. हिचा धंदाच आहे तो."

"म्हणून म्हणते, तुमचा उघडा. तो मी बनवलेला नाही. तुमच्या कोटावर गंजलाय."

तिने पक्कड बिल्ल्याकडे नेली. पहिलवानाने तिचं मनगट धरलं आणि हात टेबलावर आपटला. टेबलावर उघडी पडलेली पिन तिच्या तळहातात शिरली. त्याने हात पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. कप खाली पडून फुटले. चिटणीस मध्ये आला, त्याला पहिलवानाने दुसऱ्या हाताने छातीवर ढकललं, तो खुर्चीसकट मागे गेला. पिनबाईने पक्कड डाव्या हातात घेतली आणि पहिलवानाच्या बोटांच्या सांध्यांवर मारली. एकदा मारली तेव्हा त्याने पकड सोडली नाही. दुसऱ्यांदा हाडाचा आवाज झाला आणि त्याने सोडली.

"आणखी मार," तो म्हणाला. धाप लागली होती. "मार ना."

"उघडा."

बाकीचे म्हातारे उभे राहिले होते. कोणी पुढे आलं नाही. तिच्याकडेही नाही, त्याच्याकडेही नाही. पहिलवानाने एकवार सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मग मोडलेल्या बोटांचा हात पोटाशी धरून त्याने दुसऱ्या हाताने बिल्ला धरला आणि ओढला. बिल्ला खिशाच्या कापडासकट फाटून आला. पिन बाहेर वाकली. त्याने कडेत नख घातलं. पापुद्रा वाळलेल्या खपलीसारखा निघाला.

चाक तिथेही होतं. डावीकडे सरकलेलं.

पहिलवानाने बिल्ला टेबलावर ठेवला.

"माझ्या छातीवर बसला असता तडाखा, तर?" पहिलवान म्हणाला.

"तर दादाने तुम्हाला मारलं असतं," पिनबाई म्हणाली. "अडसर त्याच्या हातात असता."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं. पहिलवानाने मान हलवली, जणू हिशोब बरोबर आहे.

चिटणीस उठून उभा राहिला होता. कोपर चोळत, घाईघाईने तो म्हणाला, "मावशी, ऐका. नाव घालतो. आजच घालतो, सगळ्यांच्या खाली जागा आहे. तुमचं म्हणणं तेच ना? झालं मग. बाकीचं इथेच राहू द्या, या टेबलावर."

"वरती काय लिहिलंय दगडावर?"

"तुम्ही वाचलंय की."

"मालकाच्या गुंडांनी ठार केलेले. त्यात दादा बसत नाही. त्याला मालकाच्या गुंडांनी नुसता धक्का दिला."

"मावशी, एवढं कोण बघतं?"

"मी बघते. खोटं लिहून नाव घालायचं असेल तर पिवळ्याच राहू दे."

"मग काय लिहायचं? आमच्याच लोकांनी मारला? पेपरवाले येणार आहेत कार्यक्रमाला! दोन्हीपैकी एक घ्या. नाव घ्या, नाहीतर…"

"लिहू नका काही. खोडा. 'मालकाच्या गुंडांनी' एवढं खोडा. उरेल ते सगळ्यांना लागू आहे."

चिटणीसाने मनातल्या मनात ओळ वाचली. संपात ठार केलेले आमचे साथी. तो म्हणाला, "कोरलेलं खोडता येत नाही. दगड आहे तो, फळा नाही. आणि समितीला विचारावं लागेल…"

पहिलवान उठला. भिंतीला धरत, गुडघे ओढत तो अंगणात गेला. पाथरवटाच्या हातातून त्याने मोठा हातोडा घेतला. छिन्नी धरायला दुसरा हात चालेना, म्हणून छिन्नी टाकून दिली आणि एका हाताने हातोडा थेट अक्षरांवर घातला.

"अहो, अहो, तडकेल!" पाथरवट ओरडला. "हा काय अडसर वाटला का तुम्हाला? दगडाला शिरा असतात!"

पहिलवानाने ऐकलं नाही. दुसरा घाव, तिसरा. कपच्या उडत होत्या. एक त्याच्या भुवईवर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तो डोळा मिटून मारत राहिला. त्याची मारण्याची पद्धत पिनबाईला ओळखीची होती. हात पूर्ण वर, मग सगळं अंग त्याच्यामागे. ती फुटपाथवर उभी होती तेव्हा पाहिली होती तशीच. ती हलली नाही. मधले दोन शब्द गेले. त्यांच्या जागी ओबडधोबड खड्डा राहिला, हाताचा पंजा मावेल एवढा. दगड तडकला नाही.

"आता तो खड्डा मी तासून देऊ?" पाथरवटाने चिटणीसाला विचारलं.

"नको," पिनबाई म्हणाली. "तसाच ठेवा."

चिटणीसाने हात झटकले. "ठेवा. लोक विचारतील तेव्हा यांनाच पुढे करतो."

"मीच असेन तिथे," पहिलवान म्हणाला.

पाथरवटाने कोळशाचा तुकडा उचलला. "खालचं नाव काय?"

पिनबाईने तोंड उघडायच्या आत पहिलवानाने नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग तो ठोकळ्यावर बसला आणि हाताला लागलं ते कापड घेऊन भुवई दाबली. ते कापड म्हणजे त्याचाच कोट होता. चिटणीसाने गडबडीत तो उचलून बाहेर आणला होता.

"तो इकडे द्या," पिनबाई म्हणाली. "सुकायच्या आत."

निघताना ती चौकटीपाशी थांबली. पकडीच्या टोकाने तिने उंचवट्याभोवतीचा रंग खरवडला, खिळ्याचं डोकं पकडलं आणि ओढलं. खिळा वाकला, मग आला. बिल्ला मधोमध फुटलेला होता, मागची पिन नव्हतीच. चाक कोणत्या बाजूला होतं ते रंगामुळे कळत नव्हतं. तिने तो खिशात टाकला.

लाँड्रीत मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "डाग बघायला गेलीस की डाग करायला?" त्यांनी तिच्या तळहाताकडे पाहून विचारलं.

"दोन्ही."

"हाताला बांध काहीतरी आधी. चादरींना लागेल."

बॉयलरवाल्याने तिच्या हातावर पट्टी गुंडाळली आणि पक्कड धुऊन खुंटीला लावली. "कोणाचा दात पाडलास?"

"बोटं."

"सुधारणा आहे."

मोठा कोट तिने गार पाण्यात बुडवला. पाणी गुलाबी झालं. ते सोडलं, पुन्हा गार पाणी घेतलं. तिसऱ्या पाण्याला कोट स्वच्छ आला. फाटलेल्या खिशाची जागा मात्र शिवावी लागणार होती. तिने तसं पावतीवर लिहिलं, पुढे 'गिऱ्हाइकाला विचारून'. गंजाचा गोल डाग जाणार नव्हता, तेही लिहिलं.

उपटलेल्यांच्या डब्यात दादाचा बिल्ला गेला नाही. पिन नसल्यामुळे तो कुठल्याच डब्याचा नव्हता. सध्या तो निवडायच्या टेबलावर आहे, टाचण्यांच्या वाटीशेजारी.

उद्या बुधवार. बुधवारी खाटकांचे एप्रन येतात, सहाच्या ठोक्याला, हातगाडीवरून. ते गार पाण्यात भिजवावे लागतात आणि त्यासाठी मोठी टाकी आदल्या दिवशी भरून ठेवावी लागते. पिनबाईने संध्याकाळी निघण्याआधी नळ सोडला आणि टाकी काठापर्यंत भरली.